चार माणसांना पुरेल इतका वारा

३ जून, सोमवार

बुधवार पेठेतल्या यज्ञेश्वरकाकांनी आज मला दुकानातून हाकललं. अगदी हाकललं असं नाही — पण तेच.

मी म्हटलं, बोटीवर लावायला पंखा हवाय, कमी वीज खाणारा. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "बोट कुठं असते आपली? मुठेत?" मागचं गिऱ्हाईक हसलं. मी म्हटलं, आखातात असते. नवरा आहे तिच्यावर. तर म्हणाले, "मग त्यांनाच विचारा — बॅटरी किती व्होल्टची, केवढी, चार्ज कशावर होते. मुलगी न बघता मी पत्रिका जुळवत नाही." आणि पुढच्या माणसाकडे वळले.

चूक नाही त्यांची. मी सोळा वर्षं पाटबंधारेच्या भांडार शाखेत आहे. मागणीपत्रात तपशील नाही म्हणून रोज पाच-सहा कागद परत पाठवते. आज माझा कागद परत आला.

एकदा सगळं लिहूनच काढते, म्हणजे डोक्यात तेच तेच फिरायचं थांबेल. आनंदची टगबोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी आहे, त्याला सात महिने झाले. मालक पळाला. फोन बंद, ऑफिसला कुलूप. बोटीवर चौघं — कॅप्टन, एक खलाशी, इंजिनवर आनंद, आणि स्वयंपाकाला आपल्या कसब्यातले तालिबभाई. फेब्रुवारीत डिझेल संपलं. जनरेटर बंद, म्हणजे एसी, पंखे, दिवे सगळंच बंद. त्यांना उतरूही देत नाहीत. बोट रिकामी सोडली तर वाहत जाऊन दुसऱ्या जहाजावर आदळेल, म्हणून माणसं वर हवीतच असा कायदा! पासपोर्ट बंदराच्या ऑफिसात जमा.

केबिन लोखंडी आहे. काल संध्याकाळी आत त्रेचाळीस होतं. दुपारी किती होतं ते त्याने सांगितलं नाही.

४ जून, मंगळवार

निवडणुकीचे निकाल. ऑफिसात प्रत्येक जण मोबाईलला चिकटलेला. मीही — पण मी बॅटरीच्या फोटोची वाट बघत होते. साडेचारला आला.

बारा व्होल्ट, बेचाळीस अँपिअर-अवर. खलाशांसाठी काम करणारी एक संस्था आहे तिथे, त्यांनी मार्चमध्ये दिली, बरोबर एक लहानसं सोलर पॅनेल. त्यावर चौघांचे मोबाईल, एक दिवा आणि बंदराचा वायरलेस. वायरलेस चोवीस तास चालू ठेवावाच लागतो. राहिलेली वीज पंख्याची. आनंदने लिहिलंय, "अर्ध्या अँपिअरच्या वर नको. वर गेला तर पहाटे वायरलेस बंद पडेल."

खाली — "नाही मिळाला तर राहू दे."

हे 'राहू दे' हल्ली प्रत्येक मेसेजच्या शेवटी असतं. पूर्वी तिथे काहीतरी चावट असायचं.

६ जून, गुरुवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कसब्यातून नसीमभाभींना घेतलं, चालतच गेलो. नसीमभाभी तालिबभाईंच्या बायको. गेल्या दिवाळीत मी त्यांना ओळखतही नव्हते. आता सख्ख्या बहिणीशी नाही एवढं त्यांच्याशी बोलते, आणि विषय एकच.

तपशिलाचा कागद वाचल्यावर यज्ञेश्वरकाका वेगळेच झाले. दोन स्टुलं पुढे केली. काउंटरवर एक बॅटरी आणून ठेवली, मीटर जोडला, आणि समोरच्या कपाटाच्या कडीला शिवणाचा दोरा बांधला. काउंटरपासून चार हात. "झोपलेल्या माणसापासून पंखा एवढा लांब असतो. दोरा हलला तर वारा. नाही हलला तर नुसता आवाज."

पहिला ट्रकच्या केबिनमधला. दोरा पार आडवा! नसीमभाभींनी माझा हात धरला. मीटरवर दोन पूर्णांक एक. "दोन रात्रींत बॅटरी आडवी," काका म्हणाले आणि बाजूला ठेवला.

दुसरा मोबाईलच्या चार्जरवर चालणारा, गुलाबी. वीज जवळजवळ खातच नाही. दोरा ढिम्म. "हा लग्नात वऱ्हाडाला वाटायचा."

तिसरा सोलरवाल्यांचा टेबलफॅन. अर्ध्याच्या आसपास. दोरा छान हलत होता. मी घेतलाच होता मनातल्या मनात. काकांनी खणातून लोहचुंबक काढलं, जाळीला लावलं, ते चिकटलं. "लोखंड आहे. खाऱ्या हवेत महिन्यात तांबडं होईल. दोन महिन्यांत पातं घासायला लागेल."

चौथा त्यांच्याकडे नव्हता, कॅटलॉगात दाखवला. प्लॅस्टिकची पाती, प्लॅस्टिकची जाळी, तीन गती, मधल्या गतीला अर्ध्यापेक्षाही बराच कमी. बारा व्होल्टचा मागवावा लागेल. चोवीसचा एक पडून होता दुकानात. मी म्हटलं, तोच द्या ना, जरा हळू फिरेल एवढंच.

"आपण कुठल्या खात्यात आहात?"

पाटबंधारे.

"वाटलंच."

परत येताना नसीमभाभी बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "दीपालीताई, तो तिसरा दोन महिने चालला असता म्हणाले ना ते? आणि आपण म्हटलं, नको, दोनच महिने काय." आप्पा बळवंत चौकातली गर्दी तोडत आम्ही नुसत्या चालत राहिलो.

७ जून, शुक्रवार

आज दुपारचं सांगितलं. अठ्ठेचाळीस.

९ जून, रविवार

श्यामलाबाईंचा फोन. खलाशांच्या संघटनेत आहेत, मुंबईहून आमची केस बघतात. बंदराचा इन्स्पेक्टर लवकरच बोटीवर जाणार आहे म्हणे. त्याने 'राहण्यास अयोग्य' असा अहवाल दिला की पंधरा दिवसांत चौघांना उतरवावंच लागतं, बंदर आपले रखवालदार ठेवतं. चार गोष्टी बघतात. अन्न, पिण्याचं पाणी, औषधं, केबिनमधली उष्णता. मी लिहून घेतलं.

इन्स्पेक्टर मार्चमध्येही जाणार होता. एप्रिलमध्येही. मी विचारलं, आता तरी जाईल का? "जाईलही," म्हणाल्या. या बाईंना खोटा धीर देता येत नाही.

दुपारी पंख्यांचा तुलनात्मक तक्ता केला. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय. चार नग, त्यांची वीज, वारा, जाळी, टिकाऊपणा, शेरा. नवऱ्याच्या जिवाचाही तक्ताच करते मी!

आई — माझ्या सासूबाई, सुंदराबाई — येऊन डोकावल्या. "रविवारी बी हापिस हाय का?" सांगितलं काय आहे ते. "समिंदरावर हाय न्हवं त्यो? तिथं वारं नसतंय व्हय?"

मलाही तसंच वाटायचं. आनंद म्हणतो, वारा असतो, पण भट्टीचं दार उघडल्यावर येतो तसला. त्यांना हे सांगितलं नाही. म्हटलं, असतं, पण आत येत नाही.

१० जून, सोमवार

दुकानात फोन केला. आला नाही. "आला की मी फोन करीन, आपण करू नका."

१२ जून, बुधवार

आनंदशी भांडले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणाला, पंख्याचं सोड, चार महिने काढलेच ना त्याच्याशिवाय. मी म्हटलं, मला काहीतरी करू दे. तर म्हणाला, "म्हणजे तुझ्यासाठी पाठवतेयस." लागलं फार. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

मग त्यानेच तालिबभाईंचं सांगितलं. पाय सुजलेत. आडवं झालं की धाप लागते. रात्रभर ओला टॉवेल छातीवर टाकून भिंतीला टेकून बसून असतात, आणि सकाळी उठून चौघांची पोळीभाजी करतात. नसीमभाभींना सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्यांनी आनंदला, आनंदने मला.

तीही बाई काहीतरी लपवत असेल माझ्यापासून. आनंदचं काही. नसेल कशावरून?

१४ जून, शुक्रवार

फोन आला! शब्द दोन — "आलाय. या."

काकांनी सकाळपासून चालूच ठेवला होता. सहा तास. मीटर पॉइंट तीन चार, दोरा सतत हलतोय, पडत नाही. हात लावून बघितला, मोटर गार. मग त्यांनी तो माझ्यासमोर उघडला, वायरीच्या जोडांना व्हार्निश लावलं, मोटरच्या वायंडिंगला लावतात तेच, मीठ आत जाऊ नये म्हणून. वाळेपर्यंत बसवून ठेवलं मला. बॅटरीची लाल-काळी तोंडं उलटी जोडू नका म्हणावं. पाठीमागे चार बोटं जागा सोडा म्हणावं. मधल्या गतीवरच ठेवा. मी वहीत सगळं उतरवून घेत होते आणि ते माझ्या वहीकडे बघत होते.

खोकं बांधताना म्हणाले, "वॉरंटी एक वर्षाची आहे. तेवढी लागू नये."

मी मान हलवली. रस्त्यावर आल्यावर रडले. दगडूशेठच्या रांगेतल्या लोकांना वाटलं असेल, नवस फेडायला आलीय.

१५ जून, शनिवार

कुरिअर केलं. पत्ता त्या संस्थेचा, ते त्यांच्या लाँचमधून बोटीवर पोहोचवतील.

फॉर्मवर एक मोठा रकाना — वस्तूचा उपयोग. नीट लिहिलं नाही तर कस्टम अडवतं म्हणे. असली कामं मी डोळे मिटून करते. इंग्रजीत स्वच्छ लिहिलं की बंदराबाहेर अडकलेल्या बोटीच्या केबिनमध्ये वापरण्यासाठी, बॅटरीवर रात्रभर चालतो, चार माणसांना पुरेसा. तक्त्याचंही इंग्रजी केलं, शेऱ्यात हेच वाक्य घातलं आणि प्रत जोडली, खाली सही आणि पदनाम. एक प्रत खोक्यातही टाकली, आनंदला कळावं की पंखा उगीच उचलून आणलेला नाही. नसीमभाभींनी ओव्याची पुडी आणि एक पातळ पंचा घातला.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅम, इतकं डिटेल कोणीच लिहीत नाही." मला बरं वाटलं.

१७ जून, सोमवार

बकरी ईद. नसीमभाभींकडे जेवायला गेले. नको म्हणत होते, पण त्या म्हणाल्या, घरात दुसरं माणूस नसेल तर शिजवू कोणासाठी.

तीन मिनिटं व्हिडिओ लागला. तालिबभाई पांढरी टोपी घालून. डब्यातले मटार घालून पुलाव केलाय, कॅप्टनने दोनदा घेतला, असं सांगत होते. "ईद मुबारक, दीपालीबहन. पंखा पाठवलाय म्हणे. इथे सगळे त्याचीच वाट बघतात, मालकाची कोणी बघत नाही." चेहरा सुजलेला. डोळ्यांखाली तर फारच. मी नसीमभाभींकडे बघितलंच नाही.

फोन ठेवून त्या भांडी घासायला बसल्या. मला हात लावू देईनात. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "कुठपर्यंत आला पंखा?"

२२ जून, शनिवार

कस्टममध्ये.

२५ जून, मंगळवार

अजून कस्टममध्ये. वेबसाइटवर तीच ओळ. दिवसातून वीसदा बघते.

इकडे गारवा आहे. आईंनी संध्याकाळी पंखा बंद करायला लावला, पाय गारठले म्हणून. पंखा बंद झाल्यावर मी तशीच बसून राहिले. घाम यावा असं वाटत होतं. आलाच नाही. काय मूर्खपणा.

आता मला हेही वाटेनासं झालंय की आनंद येईल. वाटतं, पंखा तरी पोहोचावा. इतपतच.

२९ जून, शनिवार

पोहोचला!!

गुरुवारीच पोहोचला, पण त्या चौघांना तो लावून, दोन रात्री चालवून, मगच सांगायचं होतं. आनंद किती बोलला आज. "आवाजच येईना, म्हटलं बिघडलाय. हात घालून बघायला निघालो होतो." मधल्या गतीवर ठेवलाय, वायरलेस पहाटेपर्यंत व्यवस्थित. उशा सगळ्यांच्या एका बाजूला केल्या, डोकी ओळीने. तालिबभाईंना मधली जागा. पहिल्या रात्री ते आडवे होऊन सलग सात तास झोपले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. सकाळी त्यांना कोणी उठवलं नाही, चहा खलाशाने केला.

तक्ता केबिनच्या भिंतीला चिकटवलाय म्हणाला. "तुझी सही दिसते झोपताना." मग शेवटी काहीतरी चावट. लिहीत नाही.

नसीमभाभींना फोन केला तर नुसतं "अल्लाह" म्हणाल्या. यज्ञेश्वरकाकांनाही कळवलं. "बरं. आठवड्यातून एकदा पाती पुसा म्हणावं, मीठ बसतं."

२ जुलै, मंगळवार

इन्स्पेक्टर आला. खरोखरच आला!

आनंद सांगत होता. सकाळी लाँचमधून आला, जाड माणूस, शिडी चढेपर्यंत शर्ट पिळून निघालेला. डबे मोजले, पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं, औषधांची पेटी उघडली. यातलं सगळं त्या संस्थेने दिलेलं, पण आहे. मग केबिनमध्ये आला आणि पंख्यासमोर बसला तो दहा मिनिटं उठेचना. कुणी पाठवला विचारलं. आनंदने भिंतीवरचा कागद दाखवला — माझी बायको. तो म्हणाला, "नशीबवान आहात." फोटोही काढला कागदाचा.

मी आनंदला ते दोनदा सांगायला लावलं. माझं कौतुक म्हणून नाही. म्हणजे, तेही. पण त्याच्या आवाजात जुना आनंद होता, आणि तो किती महिन्यांनी ऐकला. आईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता सोडत्याल मग."

५ जुलै, शुक्रवार

अहवाल अजून आलेला नाही. आनंदचे शर्ट कपाटात तसेच घडीचे पडलेत, वास मारायला लागलेत. सगळे काढून धुतले. उगाच. इस्त्रीला मात्र दिले नाहीत.

९ जुलै, मंगळवार

श्यामलाबाईंनी अहवाल पाठवला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत उघडला.

अन्न: पुरेसं. पाणी: पुरेसं. औषधं: प्राथमिक, पण आहेत. उष्णता: "केबिनमध्ये बॅटरीवरचा पंखा बसवलेला असून तो उत्तम स्थितीत आहे. सोबतच्या तक्त्यानुसार तो रात्रभर चालतो व चार माणसांना पुरेसा आहे." निष्कर्ष: राहण्यास योग्य. जोडपत्र एक, माझा तक्ता. माझी सही, माझं पदनाम, सगळं वाचता येतंय.

त्या माणसाला शिव्या द्याव्यात असं फार वाटलं. पण त्याने काय केलं? बघितलं ते लिहिलं, कागद जोडला. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. चार मुद्दे मला महिनाभर आधी माहीत होते. मी माझ्या हाताने ते लिहून घेतले होते. तीन तर संस्थेने आधीच भागवले होते, एकच उरला होता, आणि तो मी अर्ध्या अँपिअरच्या आत भागवला.

फोनवर श्यामलाबाई म्हणाल्या, "दीपाली, यात तुमची काही चूक नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मी पुढची तपासणी कधी ते विचारलं. नव्वद दिवसांच्या आत, कोणत्याही दिवशी, न कळवता. पंखा लपवला तर? "इवलीशी बोट आहे ती, ताई. आणि फोटो आहे त्यांच्याकडे." बंद पडला म्हणून सांगितलं तर? "जोडून बघतील."

नसीमभाभींना फोन करायचा होता. त्यांनीच केला. उचलला नाही.

१० जुलै, बुधवार

सकाळी साडेसातला आनंदचा फोन लागला. सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, पंखा समुद्रात टाक.

तो हळू आवाजात म्हणाला, "तालिबभाईंचा आत्ताच डोळा लागलाय. उठले की टाकतो."